ऐकलं नाही तोवर

सदूतात्या कुणाच्याही घरी निघाले की लांबूनच ओरडायला सुरुवात करत. "काय न्हाई, सहज आलोय!" घर नजरेच्या टप्प्यात आलं की पहिली हाक, वळणावर दुसरी, आणि दारातल्या बाईने मान हलवेपर्यंत पुढच्या. काम साधंच असे. कुणाची कुदळ मागायची, कुणाकडे म्हशीची चौकशी करायची. परका माणूस हसायचा. गावातलं कुणी हसत नसे. सदूतात्या न ओरडता, खाली मान घालून दाराशी आले तर त्याचा अर्थ एकच असे: कुणीतरी गेलं.

मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमचं गाव. गावात कुणी गेलं की परगावी दिलेल्या लेकीबहिणींना माणूस पाठवून कळवायचं, ही तिथली रीत. त्या निरोपाला सांगावा म्हणतात. पूर्वी जो मोकळा असेल तो जायचा. सदूतात्या फौजेतून पेन्शनीवर आले आणि हे काम हळूहळू त्यांच्याकडे गेलं. कुणी नेमलं नव्हतं. एकदा गेले, दुसऱ्यांदा बोलावणं आलं, मग बोलावण्याचीही गरज उरली नाही. रडण्याचा आवाज आला की ते स्वतःच कॅनव्हासचे बूट चढवत.

पुढे घरोघरी फोन आले. फोनवर मात्र मरण कुणी सांगत नाही. "सिरीयस हाय, आसशील तशी निघून ये" एवढंच सांगतात. ऐकणारीला त्याचा अर्थ कळतो, सांगणाऱ्यालाही तिला कळल्याचं कळतं, आणि तरी ती बिचारी एसटीत बसून वाटेतल्या प्रत्येक देवळाला हात जोडत येते. तात्यांना याची चीड होती. "मेलेला माणूस सिरीयस नसतो," ते म्हणत. "तिला वाटंत आशेला लावायचं आन् दारात आल्यावर तोडायचं. ह्याच्यापरास पाप न्हाई."

त्यांची स्वतःची पद्धत ठरलेली होती. उंबऱ्याबाहेर थांबायचं. ऐकणाऱ्याला आधी खाली बसवायचं. मग गेलेल्याचं नाव घेऊन सरळ वाक्यात सांगायचं, आणि पहिला हंबरडा ओसरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. त्या घरचं पाणी प्यायचं नाही. मग तिला सोबत घेऊन गावी यायचं. आपण जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते सांगायचं नाही, हाही एक नियम होता. शेवटी काय म्हणाले, त्रास झाला का, असं कुणी विचारलं की तात्या त्या वेळी जो माणूस हजर होता त्याचं नाव सांगत आणि गप्प होत.

पाण्याच्या नियमामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. ते सीमेवर असताना त्यांचे वडील गेले. निरोप पोचायला वेळ लागला. मेसमध्ये जेवणाच्या रांगेत उभे असताना हवालदाराने मागून खांद्यावर हात ठेवला आणि सांगून टाकलं. ताटात भात वाढून झाला होता. "काय करावं कळंना. मी तसाच बसलो आन् त्यो भात खाल्ला," तात्या म्हणाले. "सगळा खाल्ला. अजून त्याची चव जात न्हाई." तेव्हापासून सांगावा उभ्याने द्यायचा नाही, आणि सांगाव्याच्या दारात तोंडात काही घालायचं नाही.

ते हट्टी होते. मुंबईच्या एका बहिणीला फोन करू दिला नाही, स्वतः गेले, आणि तिला यायला दुसरा दिवस उजाडला. तिच्या भावाने चावडीवर चारचौघांत सुनावलं होतं, तात्या, तुमच्या रीतीपायी मढं ताटकळलं. तात्यांनी ऐकून घेतलं, पण रीत बदलली नाही. त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवलं तर आठवडाभर रुसत. तरुण पोरं थट्टा करत. "तात्या, आज माझ्या पेपराचा निकाल हाय, आमच्या आळीनं जाऊ नगा." तात्याही सोडत नसत. "तुझा निकाल मी कशाला सांगाय पायजे? तुझ्या मास्तरला इचार, त्योच रडत बसला आसंल."

मी सांगलीत एका वर्तमानपत्रात काम करतो. माझ्या धंद्याबद्दल त्यांना थोडं कुतूहल होतं आणि थोडी कीव. "तुमची बातमी सगळ्यास्नी असती," ते मला म्हणाले होते. "म्हणून ती कुणाची नसती. माझी एकाच माणसाची. तिला लय जपून न्यावी लागती."

तात्या आता नाहीत. मी लिहितो आहे तो दिवस त्यांच्या शेवटच्या सांगाव्याचा. त्यानंतर गुडघे दुखतात म्हणून त्यांनी काम सोडलं. गुडघे आधीपासूनच दुखत होते.

मार्गशीर्ष होता. सकाळीच गावच्या ग्रुपवर नाना गेल्याचा मजकूर आला होता. नाना म्हणजे गावच्या वरच्या आळीतले जुने बागायतदार. बऱ्याच दिवसांचं दुखणं होतं. मी कार्यालयात पोचलो तर जिन्याखाली तात्या उभे. पहिल्या गाडीने मेढ्याहून सातारा आणि तिथून सांगली असे आले होते. बूट धुळीने भरले होते. टोपी हातात होती.

नानांची लेक सुनंदा. सांगलीला दिलेली. पाचगणीकडच्या रस्त्यालगतची जमीन बंगल्यांसाठी विकायची ठरली तेव्हा भावांनी तिच्याकडे हक्कसोडपत्र मागितलं होतं. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क आपण सोडला, अशी सही. गावात बहुतेक बहिणी ती करून देतात आणि त्या बदल्यात माहेर शाबूत राहतं. सुनंदाने केली नाही. नानांनी तिला उंबऱ्याला पाय लावू नको म्हणून सांगितलं. त्यानंतर ती गावी आली नव्हती, आणि तिच्याकडे गावचं कुणी गेलं नव्हतं.

तात्यांनी जिन्यातच मला सगळं सांगितलं. भाऊ तिला कळवायला तयार नव्हते. लेकीला सांगावा गेल्याशिवाय तिरडी उचलू देणार नाही, असं तात्या अंगणात बसून म्हणाले. तासभर घासाघीस झाली. शेवटी थोरला भाऊ दत्ता म्हणाला की दिवस मावळेपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही.

"बापाचं तोंड तरी बघू दे तिला," तात्या म्हणाले. "घर दाव मला. लय येळ न्हाई."

त्यांच्याजवळचा पत्ता विश्रामबागेतला होता. तिथे दुसरंच बिऱ्हाड निघालं. सुनंदाचा नवरा रेल्वेत. बदलीनंतर ते मिरजेला गेल्याचं खालच्या दुकानदाराने सांगितलं. आम्ही रिक्षाने मिरजेला निघालो. रस्ता तुंबलेला होता. पुढे एक रुग्णवाहिका अडकून भोंगा वाजवत होती आणि कडेच्या गाड्यांना सरायला जागा नव्हती. तात्यांना मिरज माहीत होती ती दवाखान्यांमुळे. आमच्याकडचे अवघड रोगी तिथेच येतात, आणि त्यातले काही परत जात नाहीत. अशा वेळी सांगावा उलटा, मिरजेहून गावाकडे जाई. दवाखान्यांच्या रस्त्याला पिशव्या आणि डबे घेऊन फूटपाथवर बसलेले नातेवाईक बघून ते म्हणाले, "ही सगळी कुठल्या कुठल्या गावची आसतील. प्रत्येकाच्या घरी कोणतरी वाट बघत आसंल."

स्टेशनजवळचं घर सापडलं. दाराला कुलूप होतं आणि चौकटीला ताजं तोरण. शेजारच्या बाई आनंदात होत्या. सुनंदाच्या पल्लवीचा आज साखरपुडा, सगळे मंगल कार्यालयात गेलेत, मीही निघालेच आहे, तुम्ही माहेरकडचे का, असं त्या एका दमात बोलल्या. पल्लवीचं आधी एक जमलेलं मोडलं होतं. साखरपुड्याच्या आठवड्यात मुलाकडे कुणीतरी वारलं आणि त्यांनी मुलीचा पायगुण काढला. हे स्थळ देवदयेनं जुळलं. मुलगा फौजेत आहे, उद्या ड्युटीवर परत जातो, म्हणून आजचाच मुहूर्त धरला. "मुलाची आजी मात्र कडक आहे हो," बाई म्हणाल्या. "शिंक आली तरी मुहूर्त बदलतील अशी माणसं."

तात्यांनी कार्यालयाचा पत्ता विचारला नाही. तो मी विचारला.

कार्यालय सतारी करणाऱ्यांच्या गल्लीपलीकडे होतं. आम्ही चालत गेलो. एका दुकानात कारागीर एकच तार पुन्हा पुन्हा छेडून बघत होता. तात्या चालता चालता मध्येच थांबले. तिला आत्ता सांगितलं तर साखरपुडा थांबणार. लग्न झालेल्या लेकीला बापाचं तीन दिवसांचं सुतक, नातीलाही लागतंच. पण सुतक लागतं ते ऐकल्यापासून. बातमी कानावर आली नाही तोवर माणूस मोकळा असतो. आमच्याकडे ऐन लग्नात अशा बातम्या मांडवाबाहेर थोपवून ठेवतात, अक्षता पडल्या की सांगतात. तात्यांनी आयुष्यात तसं कधी केलं नव्हतं.

मी म्हणालो की साखरपुडा उरकू द्यावा. तात्यांनी वर सूर्याकडे पाहिलं. "उरकंपातुर थांबलो तर दिवस मावळायच्या आत गाव गाठत न्हाई," ते म्हणाले. "आन् आत्ता सांगितलं तर त्या पोरीचं परत मोडतंय. मी काय करू, सांग."

तात्या कार्यालयासमोरच्या चहाच्या टपरीआड उभे राहिले. सुनंदाने त्यांना पाहिलं तर न सांगताच कळेल, अशी त्यांना भीती होती. आत किती वेळ आहे ते बघून ये म्हणून त्यांनी मला पाठवलं.

आत मुलाकडची माणसं येऊन बसली होती. मुलाचे मामा वाटेत अडकल्यामुळे गुरुजी खोळंबले होते. सुनंदा ओटीचं ताट घेऊन चालली होती. तिने मला पाहिलं आणि थांबली. "सुभाष ना रं तू? खालच्या आळीचा?" मी हो म्हणालो. तिने हातातलं ताट कुणाकडे तरी दिलं. कुणी सांगितलं, कसा आलास, असं काहीच तिने विचारलं नाही. मागे वळून नवऱ्याला म्हणाली, "आवं, माझ्या गावचा हाय. माहेरचं एक माणूस तरी आलं बघा." मग मी एकटाच आलो की आणखी कुणी आहे, म्हणून तिने दारातून बाहेर पाहिलं.

टपरी तात्यांपेक्षा अरुंद होती.

सुनंदा तशीच उभी राहिली. पंखा फिरत होता, पोरं पळत होती. ती आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. कार्यालयाची पायरी उतरून, रस्ता ओलांडून ती टपरीपाशी गेली. मी मागोमाग गेलो.

"तात्या," ती म्हणाली, "लांबनं आलाय. पाणी घ्या."

तात्यांचा नियम आमच्या गावातल्या पोराटोरांनाही माहीत होता. तात्यांनी पेल्याकडे पाहिलं. कार्यालयाच्या दारातून गुरुजींचा आवाज आला. मामा आले होते आणि मुलीची आई कुठे आहे म्हणून विचारणा चालली होती. सुनंदाने मागे पाहिलं नाही. पेला तिने तसाच पुढे धरला होता. तात्यांनी दोन्ही हातांनी तो घेतला आणि शेवटपर्यंत प्यायले.

तिने रिकामा पेला घेतला. त्यांना जेवायला या म्हणाली नाही. रस्ता ओलांडून परत गेली.

"गाडी बघ," तात्या मला म्हणाले. पुढचा सगळा वेळ ते टपरीच्या बाकड्यावर बसून होते.

पहिली पंगत बसल्यावर सुनंदा बाहेर आली. साडी बदलली होती, खांद्याला पिशवी होती. नवरा मागे दारापर्यंत आला आणि पाहुण्यांसाठी तिथेच थांबला. माझी तब्येत बिघडलीय एवढंच सांगा, असं तिने त्याला बजावलं. मग आमच्याकडे वळून "चला" म्हणाली.

आम्ही गाडीने निघालो. ती विचारत नव्हती, तात्या सांगत नव्हते. मिरजेत मुलाकडची माणसं अजून जेवत असतील, त्यांच्या गाड्या हलेपर्यंत तिच्या कानावर काही यायचं नव्हतं. ड्रायव्हरने गाणी लावली. तात्यांनी हाताने खूण करून बंद करायला लावली. कराडच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं आणि वाहनांची रांग लागली होती. सुनंदा खिडकीतून उन्हाकडे बघत होती. उसाच्या फडावर ऊन तिरपं झालं होतं.

उंब्रजच्या पुढे तात्यांचा फोन वाजला. दत्ताचा आवाज मागच्या सीटवर ऐकू येईल म्हणून त्यांनी फोन कानाशी घट्ट दाबला.

"आलोय म्हणतो न्हवं," तात्या म्हणाले. "वाईच दम धर." थोडं ऐकून घेतलं. "आरं, धर की दम." आणि फोन खिशात ठेवला. साताऱ्यात शिरलो तेव्हा दुकानांचे दिवे लागले होते.

गावाखाली, वेण्णेच्या काठी आमचं स्मशान. गाडी वरच्या रस्त्यावर थांबली आणि तिथूनच जाळ दिसला. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. सुनंदा पिशवी गाडीत ठेवून उतार उतरू लागली. कुणी अडवलं नाही. चितेने चांगलाच पेट घेतला होता. माणसं पांगायला लागली होती. तिला बघून थांबली.

ती जाळापासून थोड्या अंतरावर उभी राहिली. पिशवीतला फोन मघाशी गाडीत एकदा वाजला होता. मिरजेचे पाहुणे निघाल्याचं नवऱ्याने कळवलं होतं. ती तात्यांकडे वळली.

"आता सांगा," ती म्हणाली.

"बस," तात्या म्हणाले. ती वाळूत बसली. तात्या तिच्यासमोर उकिडवे बसले, डोक्यावरची टोपी काढली. "सुनंदा, तुझं वडील गेलं. आज पहाटं."

मग ती रडली. दिवसभर जे धरून ठेवलं होतं ते सगळं एकदम आलं. तात्या पद्धतीप्रमाणे गप्प बसून राहिले. माणसं माना खाली घालून उभी होती. दत्ता चितेच्या पलीकडे होता, तो हळूहळू जवळ आला.

बऱ्याच वेळाने सुनंदाने पदराने तोंड पुसलं. "तात्या, नानांनी माझं नाव काढलं का?"

तिथल्या प्रत्येकाला वाटलं की तात्या हो म्हणतील. कुणीही म्हटलं असतं. दत्ताने तात्यांकडे बघून मान हलवली. म्हणा, अशी ती खूण होती.

"मला ठाव न्हाई, पोरी," तात्या म्हणाले. "मी तवा तिथं न्हवतो."

सुनंदाने मान खाली घातली. दत्ताने तात्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. त्याचा आवाज दबका होता, पण रात पडायला लागलेली आणि माणसं गप्प, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू गेला.

"तात्या, व्हय म्हणाय काय जात व्हतं तुमचं? तिला तेवढंच बरं वाटलं आसतं."

"आज एकदा खोटं वागलोय, दत्ता," तात्या म्हणाले. "त्यापायी तिचं बापाचं तोंड बघायचं ऱ्हायलं. आता दुसऱ्यांदा न्हाई वागणार. मी न्हवतो तिथं. तू व्हतास. तू सांग तिला, काढलं का न्हाई."

सुनंदा उठली होती आणि दत्ताकडे बघत होती. त्याने एकदा जाळाकडे पाहिलं, मग नदीकडे, आणि मग पायाखाली.

"दोन दिस तुझंच नाव घेत व्हते," तो म्हणाला. "सुनंदाला बोलवा, सुनंदाला बोलवा. आमीच न्हाई कळवलं."

जाळातून एक लाकूड सरकून बाहेर आलं. ते आत सारायलाही कुणी हललं नाही. बहीण आणि भाऊ समोरासमोर उभे होते.

तात्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली आणि मला कोपराला धरलं.

"चल," ते हळू आवाजात म्हणाले. "हितनं म्होरं त्यांचं त्यांस्नी बोलू दे."

आम्ही उतार चढून रस्त्याला लागलो. तात्यांनी मागे वळून पाहिलं नाही.